कमी विरोधाची वाट : न्यायमूर्ती तेलंग, डॉक्टर भांडारकर आणि आपली ज्ञाती

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत पूर्वसूरींच्या चरित्रांना स्थान द्यावे, हा प्रघात जुना आहे आणि स्तुत्यही आहे. आपल्या गौड सारस्वत ज्ञातीच्या अशा अंकांतून ज्या दोन नावांना मानाचे पान हटकून मिळते, ती न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग आणि डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची होत. दोघेही संस्कृत विद्येचे पारंगत पंडित, दोघेही मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, दोघांचीही कीर्ती युरोपातील विद्वन्मंडळात पोहोचलेली. ज्ञातीने भूषण म्हणून मिरवावीत अशीच ही नावे आहेत, आणि आपण ती मिरवितो. मात्र या चरित्रलेखांतून दोन घटना बहुधा गाळल्या जातात, अथवा अर्ध्या वाक्यात उरकल्या जातात. १८९१ साली डॉ. भांडारकरांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला. १८९३ साली न्या. तेलंगांनी आपल्या आठ वर्षांच्या कन्येचे लग्न लावून दिले. दोन वर्षांच्या अंतराने, एकाच ज्ञातीत, सुधारक पक्षाच्या दोन अग्रणींच्या घरी घडलेल्या या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असा या लेखात आमचा विचार आहे. मृतांची उणीदुणी काढण्याची आम्हांस हौस नाही. परंतु त्या दोन लग्नांत आपल्या ज्ञातीचा जो हात होता, त्याची नोंद ज्ञातीच्याच अंकात होणे उचित आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम तेलंगांविषयी. त्यांचा जन्म १८५० च्या ऑगस्टमध्ये मुंबईस झाला व १८९३ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस त्यांचे देहावसान झाले; म्हणजे त्यांस अवघे त्रेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभले. तेवढ्या अवधीत त्यांनी जे केले ते पाहिले म्हणजे मन थक्क होते. रामायणाची कथा होमरच्या काव्यावरून घेतली असावी, हे वेबर या जर्मन पंडिताचे मत त्यांनी वयाच्या तेविसाव्या वर्षी खोडून काढले. मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेसाठी भगवद्गीतेचे इंग्रजी गद्य भाषांतर केले, ते १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगाचे ते सभासद होते. १८८५ साली मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या उभारणीत फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांचा वाटा होता. १८८९ साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. त्या आसनावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. या सर्वांहून त्यांच्या समकालीनांस जो गुण विशेष वाटे तो त्यांच्या बुद्धीचा समतोलपणा. प्रतिपक्षाची बाजू प्रतिपक्षाहून अधिक चांगल्या रीतीने मांडून मग तिचे खंडन करावे, ही त्यांची वकिली पद्धत पुढे त्यांच्या सार्वजनिक भाषणांतही उतरली.

सामाजिक प्रश्नांवर त्यांचे मत काय होते, याविषयी संदेहास जागा नाही. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि देशभर वादळ उठले. त्याच सुमारास रखमाबाईचा खटला सुरू झाला. अजाण वयात लागलेले लग्न मानण्यास तिने नकार दिला आणि नवऱ्याने तिला नांदावयास आणण्यासाठी कोर्टात धाव घेतली. १८८५ साली निकाल तिच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला, १८८७ साली नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, आणि १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन ते प्रकरण मिटले. या खटल्यात रखमाबाईच्या वतीने जे वकील उभे राहिले त्यांत तेलंग होते. बालपणी लावलेल्या लग्नाने स्त्रीचे आयुष्य कसे जखडले जाते, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे, अशिलाच्या कागदांतून पाहिले होते.

आता त्यांच्या त्या प्रसिद्ध व्याख्यानाकडे वळू. १८८६ साली मुंबईच्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीपुढे तेलंग बोलावयास उभे राहिले. राजकीय सुधारणेच्या आधी सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे काय, हा विषय होता. सरकारी गोटातून आणि काही हिंदी सुधारकांकडूनही असे म्हटले जात असे की, ज्यांच्या घरात आठ वर्षांच्या मुलींची लग्ने होतात त्यांनी राजकीय हक्क मागू नयेत. आधी घर झाडावे, मग दरबारात जावे. तेलंगांचे उत्तर थोडक्यात असे होते. दोन्ही सुधारणा हव्यात. एक पुरी होईपर्यंत दुसरी थांबविणे हे इतिहासाच्या अनुभवास धरून नाही. आणि शक्ती मर्यादित असल्यास ज्या दिशेने विरोध कमी तिकडे ती आधी लावावी. राजकीय क्षेत्रात समोर सरकार आहे. ते परके असले तरी युक्तिवाद ऐकणारे आहे, आणि त्याच्यापुढे आपण सर्व एक होऊन जाऊ शकतो. सामाजिक क्षेत्रात समोर आपलेच आप्तस्वकीय आहेत, शतकांची रूढी आहे, धर्मभावना आहे. तेथे वितंडवाद होऊन आपल्यातच फूट पडते. म्हणून कमी विरोधाची वाट आधी चालावी.

हा युक्तिवाद भित्र्याचा नव्हे. तो शांतपणे वाचणाऱ्यास आजही त्यातील शहाणपण पटेल. रेल्वेचा मार्ग आखणारा डोंगर दिसला की प्रथम खिंड शोधतो. बोगदा खणण्याची प्रतिज्ञा करून बसत नाही. शिवाय तेलंगांनी सामाजिक सुधारणा नको असे म्हटले नव्हते. तिचा क्रम व वेग यांविषयी ते बोलत होते. आम्हांस त्यात एकच उणीव दिसते. विरोध कमी कोठे आहे हे पाहताना, त्या विलंबाचे मोल कोण देतो, हे त्यांनी हिशेबात धरले नाही. राजकीय हक्क दहा वर्षे उशिरा मिळाले तर त्या उशिराचा भार सर्वांवर थोडा थोडा पडतो. बालविवाहाची चाल दहा वर्षे अधिक राहिली तर त्या दहा वर्षांत लग्ने झालेल्या मुलींवर तो सगळाच्या सगळा पडतो, आणि त्या सभागृहात श्रोत्यांमध्ये त्या मुली नव्हत्या.

तथापि तेलंगांना ज्या विरोधाची धास्ती होती तो विरोध म्हणजे नेमके काय, हे आजच्या तरुण ज्ञातिबांधवांस सांगितल्याखेरीज कळावयाचे नाही. ‘ग्रामण्य’ हा शब्दच आता शब्दकोशात जाऊन बसला आहे. ग्रामण्य पडले म्हणजे कोणी मारीत नसे की घर जाळीत नसे. पानसुपारीचे बोलावणे येईनासे होई. पंक्तीला पाट मांडला जात नसे. उपाध्याय श्राद्धास येईना, मुंजीस भटजी मिळेना. दिलेली मुलगी सासरचे माहेरी धाडीत नसत, आणि लग्नाच्या मुलीस स्थळ येणे बंद होई. घरात कोणी वारले तर खांदा द्यावयास चार माणसे जमतील की नाही, ही चिंता. मठाधिपतींच्या आज्ञापत्राचा भार त्यावर आणखी. या शिक्षेचे वैशिष्ट्य असे की ती कर्त्या पुरुषापेक्षा त्याच्या घरातील बायकामुलांस अधिक जाचे. कर्ता पुरुष कचेरीत जाई, क्लबात जाई, वर्तमानपत्रांत लिही. त्याची आई, पत्नी, नणंद, भावजय यांचे सगळे जग म्हणजे ज्ञातीची चार घरे. ती दारे बंद झाली की त्यांना श्वास घेण्यास जागा उरत नसे. सुधारकाच्या घरात त्याला पहिला विरोध स्त्रियांकडून होई, याचे नवल वाटावयास नको.

आपल्या ज्ञातीच्या बाबतीत आणखी एक नाजूक बाब होती. सारस्वतांना षट्कर्मांचा अधिकार आहे की त्रिकर्मांचाच, हा वाद दक्षिणेतील इतर ब्राह्मणांनी पिढ्यान् पिढ्या घातला होता. ज्या समाजाच्या ब्राह्मण्याविषयी शेजारी शंका काढतात तो समाज आचाराच्या बाबतीत अधिकच कडक होतो. आपल्यातील एकाने विधवेचे लग्न लाविले तर उद्या प्रतिपक्षाच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती आपल्या वडीलधाऱ्यांना वाटत असली पाहिजे. ज्ञातीच्या प्रतिष्ठेसाठी व्यक्तीने पडते घ्यावे, ही अपेक्षा अशा ठिकाणी अधिक तीव्र होते. यात त्यांचा दुष्टपणा होता असे आम्ही म्हणत नाही. ज्ञातीच्या मानाची काळजी वाहणारी माणसे कोणत्या थरास जाऊ शकतात एवढेच दाखवितो.

या विरोधापुढे महाराष्ट्रातील मोठमोठ्यांनी माना तुकविल्या होत्या. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. १८६९ च्या जूनमध्ये मुंबईस एक विधवाविवाह झाला, तेव्हा निमंत्रणपत्रिकेवर सह्या करणाऱ्या मंडळींवर शंकराचार्यांनी बहिष्कार घातला. त्यांत विष्णुशास्त्री पंडित होते आणि महादेव गोविंद रानडेही होते. १८७० साली पुण्यास शास्त्रार्थ होऊन निर्णय पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेला. तीनच वर्षांनी, १८७३ साली, रानड्यांची प्रथम पत्नी वारली. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने आता विधवेशी लग्न करावे, अशी अपेक्षा सर्वांची होती. तसे घडेल हीच त्यांच्या वडिलांची भीती होती. वडिलांनी घाईने अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि एकतिसाव्या वर्षी रानड्यांनी तिच्याशी लग्न केले. विष्णुशास्त्र्यांनी मात्र स्वतःवर वेळ आली तेव्हा १८७४ साली विधवेशीच विवाह केला. रानड्यांची ती अकरा वर्षांची वधू पुढे रमाबाई रानडे झाली, सेवासदनाच्या कार्याने अजरामर झाली. पण परिणाम चांगला झाला म्हणून मूळ कृत्य चांगले ठरत नाही. रमाबाईंच्या कर्तृत्वाचे श्रेय रमाबाईंना आहे आणि त्यांना शिकविणाऱ्या रानड्यांना आहे. १८७३ च्या त्या माघारीला नाही.

पुण्यातील पंचहौद मिशनचे प्रकरण तर सर्वश्रुतच आहे. १८९० च्या ऑक्टोबरात तेथे व्याख्यानाच्या निमित्ताने सुमारे चाळीस गृहस्थ जमले व त्यांच्यापुढे चहाबिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्राकडे धाडली आणि चहाच्या पेल्यात वादळ म्हणतात ते अक्षरशः उठले. चहा प्याला कोण, नुसता हाती धरला कोण, याचीही चर्चा झाली. शंकराचार्यांच्या वतीने शास्त्रीमंडळींनी चौकशी मांडली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, तेही स्वतःच्या सोयीसाठी नव्हे, तर स्नेह्यांची अडचण दूर व्हावी म्हणून. रमाबाईंच्या आठवणींत हा प्रसंग आला आहे, आणि त्यांना तो रुचला नव्हता हेही त्यांनी लपविलेले नाही. आगरकरांच्या ‘सुधारका’ने या दुबळेपणावर कोरडे ओढले ते योग्यच होते. तरीही या प्रायश्चित्ताविषयी आमचा अभिप्राय आगरकरांहून थोडा सौम्य आहे. त्यात जी मानहानी झाली ती रानड्यांची झाली. आपला मान खाली घालून त्यांनी दुसऱ्याच्या घरची कोंडी सोडविली.

याच धामधुमीत, म्हणजे १८९१ च्या प्रारंभी, संमतिवयाच्या विधेयकाचा वाद पेटला. फुलमणी या बंगालमधील बालिकेचा नवऱ्याच्या घरी जो करुण अंत १८९० साली झाला, त्याने सरकारला हालचाल करणे भाग पडले. विवाहितेच्या बाबतीतही संमतीचे वय दहावरून बारा करावे, एवढीच त्या विधेयकाची मर्यादा होती. लग्नाच्या वयास ते हात लावीत नव्हते. तरी धर्म बुडाल्याची हाकाटी झाली. टिळकांसारखा बुद्धिमान पुरुष विरोधाच्या आघाडीवर होता. परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याने शिरू नये, हे त्यांचे म्हणणे केवळ रूढिप्रियतेचे नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. या प्रसंगी आपल्या ज्ञातीतील दोन्ही थोर पुरुष एकाच बाजूस उभे होते. तेलंगांनी, न्यायाधीशपदी असतानाही, विधेयकास उघड पाठिंबा दिला. महाराणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याने अशा कायद्यास आडकाठी येत नाही, असे त्यांचे मत होते. भांडारकरांनी तर धर्मशास्त्रग्रंथ उघडून विवाहाचे वय व गर्भाधान यांवर सविस्तर टिपण लिहिले आणि कालहरण केल्याने महापातक लागते हे प्रतिपक्षाचे म्हणणे वचनांच्या आधारे तपासून दूर केले. टिळक आणि ते यांच्यात जी शास्त्रचर्चा झडली ती महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासात संस्मरणीय आहे. १८९१ च्या मार्चमध्ये कायदा झाला.

त्याच वर्षी भांडारकरांच्या घरी तो विवाह झाला.

भांडारकर हे मालवणात १८३७ साली जन्मलेले, साध्या कारकुनी घरातून वर आलेले, प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ. वागण्याने करडे, बोलण्याने तुटक, शिष्यांस धाक वाटावा असे. पुण्यात मुलींचे हायस्कूल १८८४ साली निघाले त्याच्या संस्थापकांत ते होते, आणि घरातल्या मुलींना त्यांनी शिकविले. आपल्या मुलीस अकाली वैधव्य आले तेव्हा, ज्या गोष्टीस शास्त्राची बंदी नाही असे आपण जगाला सांगितले ती गोष्ट आपल्या मुलीला नाकारावयाची कशी, असा सरळ प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि त्याचे त्यांनी सरळ उत्तर दिले. त्यात भाषण नव्हते, सभा नव्हती. ज्ञातीचा रोष व्हावयाचा तो झाला. बहिष्काराची झळ त्यांच्या घरास लागली. या रोषाने भांडारकर विचलित झाले नाहीत आणि त्यांनी त्याचे भांडवलही केले नाही. १८९५ साली पुण्यास सामाजिक परिषद भरली, आणि काँग्रेसच्या मंडपात तिला जागा देऊ नये म्हणून मोठी खडाजंगी होऊन ती अन्यत्र भरवावी लागली. तिच्या अध्यक्षस्थानी भांडारकर होते. ते बोलले त्यामागे चार वर्षांपूर्वीचे आचरण उभे होते, म्हणूनच त्या शब्दांना वजन होते.

आता तेलंग. १८९३ साली त्यांची प्रकृती ढासळली होती. घर एकत्र कुटुंबाचे. ते चुलत्यांना दत्तक गेलेले असल्याने घरात वडीलकीची माणसे एकाहून अधिक आणि त्यांच्याविषयी तेलंगांचा आदर पराकाष्ठेचा. अशा घरात आठ वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले आणि लागले. रखमाबाईचा वकील, संमतिवयाच्या कायद्याचा समर्थक, विद्यापीठाचा कुलगुरू, या तिघांपैकी एकालाही ते थांबविता आले नाही. देशभर त्यावर टीका झाली. विरोधकांस तर हवेच होते. सुधारकांचे बोलणे केवळ सभेपुरते, असे म्हणण्यास त्यांना आयता दाखला मिळाला. स्नेह्यांनी घरातील आग्रहाचे कारण सांगितले. ते खोटे होते असे आम्हांस वाटत नाही. संमतिवयाच्या कायद्यात लग्नास बंदी नव्हती, म्हणून तर्कशास्त्राच्या दृष्टीने विसंगती नव्हती, असेही कोणी म्हणू शकेल. तसा बचाव तेलंगांसारख्या न्यायनिष्ठाने स्वतःसाठी मान्य केला नसता.

आम्हांस यात एक गोष्ट सारखी टोचते. न्यायासनावर तेलंग एकटे पडावयास भीत नसत. आजोबा व बाप एकत्र असता मुलास वाटणी मागण्याचा हक्क आहे काय, या प्रश्नावर मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने एक मत दिले, तेव्हा त्यांनी आपले निराळे मत विस्ताराने नोंदविले. हिंदु धर्मशास्त्राचा अर्थ चालत्या काळास धरून लावावा, ही त्यांची भूमिका होती. कुटुंबातील धाकट्याचा हक्क मोठ्यापुढे सांभाळण्यासाठी जो न्यायाधीश आपल्या सहकाऱ्यांपासून वेगळा होतो, त्याच्याच घरात सर्वांत धाकट्या जिवाच्या बाजूने मत नोंदविणारे कोणी नव्हते. येथे विरोध कमी कोणत्या बाजूस होता? वडीलधारी मंडळी बोलू शकत होती, रुसू शकत होती, अन्न वर्ज्य करू शकत होती. आठ वर्षांची मुलगी यांपैकी काहीच करू शकत नव्हती. कमी विरोधाची वाट तिच्यावरून गेली.

रानड्यांचे प्रायश्चित्त आणि तेलंगांचा हा प्रसंग यांस एकाच तागडीत घालण्याची चाल आहे. दोघांनीही तडजोड केली, असे म्हणून विषय संपविला जातो. आम्हांस त्यांत जमीनअस्मानाचे अंतर दिसते. प्रायश्चित्ताचे उपोषण रानड्यांनी स्वतः केले. तेलंगांच्या तडजोडीचे उपोषण दुसऱ्याच्या वाट्यास आले. या कसोटीवर रानड्यांचे १८७३ चे लग्नही उतरत नाही, हे वर सुचविलेच आहे. आणि ही कसोटी भांडारकरांनाही लावली पाहिजे. त्यांच्या तत्त्वनिष्ठेचे मोल त्यांच्या घरच्या इतर स्त्रियांनीही दिले असेल, याचा विचार आम्ही केला आहे. मात्र त्या मोलाच्या बदल्यात त्याच घरातील एका स्त्रीला तिचे आयुष्य परत मिळाले. तेलंगांच्या घरी घरातील शांतता विकत घेतली गेली, आणि मोल मात्र मुलीने दिले.

भांडारकरांना ते जमले आणि तेलंगांना जमले नाही, याचे सारे श्रेय वा दोष स्वभावाला देणे सोपे आहे. परिस्थितीतही फरक होता. भांडारकर सरकारी प्राध्यापक होते. त्यांना मते मागावयाची नव्हती की पक्ष बांधावयाचा नव्हता. तेलंग लोकनेते होते. ज्याला समाजाला बरोबर घेऊन जावयाचे त्याने समाजाबाहेर फेकले जाऊन चालत नाही, हे त्यांचे म्हणणे नुसती पळवाट नव्हती. वाळीत पडलेला पुढारी शब्द कोणाकडे टाकणार? हा प्रश्न आगरकरांनाही सुटलेला नव्हता. जिवंतपणी आपली प्रेतयात्रा पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला, आणि बोलावे ते इष्टाचे व करावे ते साध्याचे, अशी वाटणी त्यांच्यासारख्या कडव्या पुरुषासही करावी लागली. पण साध्य काय आणि असाध्य काय, हे करून पाहिल्यावाचून कळत नाही. १८९१ साली भांडारकरांनी जे केले ते असाध्य आहे असेच सगळे शहाणे सांगत होते. दोनच वर्षांनी त्यांना विद्यापीठाचे कुलगुरुपद मिळाले, आणि त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ ते विद्वत्तेच्या शिखरावर मानाने राहिले. बहिष्काराने ते संपले नाहीत. यातील पुढचे तेलंगांना दिसणे शक्य नव्हते, पण बहिष्कार सोसूनही भांडारकर उभे आहेत, एवढे १८९३ साली त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

प्रसंगोपात्त एक गोष्ट नमूद करतो. हे सारे रण पांढरपेशा ज्ञातींच्या अंगणात चालले होते. महाराष्ट्रातील कितीतरी ज्ञातींत विधवेचा पाट लावण्याची चाल पूर्वापार होती. ज्या गोष्टीसाठी पुण्यास शास्त्रार्थ मांडावा लागला ती गोष्ट शेजारच्या आळीत कोणाचीही परवानगी न घेता होत असे. जोतीराव फुल्यांनी उच्चवर्णीय सुधारकांचा उपहास केला, त्यातील काही कडू असला तरी हा भाग खरा होता. आपल्या ज्ञातीतीलच नारायण गणेश चंदावरकर पुढे विठ्ठल रामजी शिंदे यांच्या १९०६ च्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे अध्यक्ष झाले, तेव्हा कोठे आपल्या सुधारकांची दृष्टी स्वतःच्या माजघराबाहेर गेली. हे प्रकरण स्वतंत्र लेखाचे आहे.

तेलंग गेल्यावर हायकोर्टातील त्यांच्या जागी रानडे आले आणि विद्यापीठातील त्यांच्या जागी भांडारकर. रानड्यांनी पुढे एका व्याख्यानात तेलंगांच्या विचारसरणीचा परामर्श घेतला. त्यात त्यांनी आपल्या दिवंगत मित्राची थोरवी जराही कमी केली नाही. आणि कमी विरोधाच्या तत्त्वाशी असलेला आपला मतभेदही झाकला नाही. स्मरणिकेतील चरित्रलेख कसा असावा याचा हा एक नमुना आहे, असे आम्ही संपादक मंडळास नम्रपणे सुचवितो.

ज्या ग्रामण्याच्या भीतीने ही सगळी माणसे वाकली, त्याचे पुढे काय झाले? शास्त्रार्थाने ते हटले नाही. मुंबईची नोकरी, आगगाडीचा डबा, खानावळीतील पंगत यांनी त्याचे दात हळूहळू पाडले. मुलींच्या लग्नाचे किमान वय चौदा करणारा सारडा कायदा १९२९ साली मंजूर झाला. तेलंगांच्या घरचे लग्न होऊन तेव्हा छत्तीस वर्षे लोटली होती. ज्ञातीतून बहिष्कृत करणे बेकायदा ठरविणारा कायदा मुंबई राज्याने १९४९ साली केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरविला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला तो २०१६ सालचा, आणि तो २०१७ साली अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. ज्ञातीच्या पंचायतीस लग्नकार्यात कोणास बोलवू नये असे फर्मान काढता येत नाही, हे त्या कायद्याने स्पष्ट केले. भांडारकरांच्या कन्येच्या विवाहापासून तेथवर येण्यास एकशे सव्वीस वर्षे लागली.